फ्लास्क नवा, पंखा जुना

सिगारच्या लाकडी खोक्यात कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा बसवलेला. पंख्याच्या मधोमध, बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून काढलेली दोन लोहचुंबकं चिकटवलेली. वर दोन लिटरचा कोनिकल फ्लास्क, त्यात फिकट तपकिरी द्रव आणि त्याच्या तळाशी गरगर फिरणारी पांढरी बीड. वीज जुन्या मोबाइल चार्जरमधून, वेग कमीजास्त करायला रेडिओसारखं एक बटण. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडमधल्या एका गॅरेजात घरी बिअर करणारी मंडळी जमली होती आणि सगळे त्या भोवऱ्याकडं कौतुकानं बघत होते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका मराठी बाईंनी विचारलं, "छान फिरतंय. पण यीस्टच्या पेशी किती झाल्यात?"

यंत्र बनवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. जमलेल्यांपैकी कुणालाच नव्हतं.

बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या. नाव छापू नका म्हणाल्या, कारण त्यांच्या या उद्योगाची बातमी माहेरी अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होत्या. लग्नानंतर ऑरेगनला आल्या आणि तिथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागल्या. बिअरशी त्यांचा संबंध आला तो नवऱ्याच्या मित्रांमुळं. स्वतः पितात अर्धा ग्लास, तोही चव बघण्यापुरता. पण यीस्ट हा त्यांचा जुना विषय, आणि त्या आल्या तेही अशा राज्यात की ज्याच्या विधिमंडळानं २०१३ साली सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टला राज्याचा अधिकृत सूक्ष्मजीव ठरवलं. आपल्याकडं शेकरू राज्यप्राणी, तिकडं यीस्ट राज्यजीव. त्यांना ते फार आवडलं.

डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल होतं आणि ते काम यीस्ट करतं, हे कारखान्याच्या गावातल्या पोरांनाही माहीत असतं. मात्र ते यीस्ट येतं कुठून, हे कारखान्यातल्याही निम्म्या लोकांना माहीत नसतं. ते यायचं एका परीक्षानळीतून. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून तिरप्या अगारवर वाढवलेलं कल्चर मागवायचं. त्याला सगळे 'स्लँट' म्हणतात. त्या मलईसारख्या पातळ थरातून तारेच्या लूपभर यीस्ट उचलायचं आणि दहा मिलीलिटर माध्यमात सोडायचं. ते वाढलं की शंभर मिलीलिटर, मग लिटर, मग दहा लिटर, मग यीस्ट विभागातली भांडी आणि शेवटी प्री-फर्मेंटर. दर पायरीला साधारण दसपट. एकदम मोठी उडी घेतली तर यीस्ट वाढायच्या आत बॅक्टेरिया माजतात आणि टाकीच्या टाकी आंबूस होते. मळी पातळ करायची, सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच साडेचारच्या आसपास आणायचा, युरिया आणि डीएपी घालायचं, फेस चढायला लागला की टर्की रेड ऑइल सोडायचं. गळीत हंगामात हे रात्रंदिवस, तिन्ही पाळ्यांत.

लॅबमध्ये एक अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणत. शिक्षण दहावीपर्यंत, हात मात्र कुठल्याही एम.एस्सी.पेक्षा स्थिर. नवीन आलेल्या मॅडमना त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मॅडम, नळीचं तोंड ज्योतीवर धरल्याबिगर बोळा काढू नका. आन् काढलेला बोळा टेबलावर ठेवू नका, करंगळीत धरा." एका हातात नळी, दुसऱ्या हातात लूप आणि त्याच हाताच्या करंगळीत कापसाचा बोळा. ही कसरत आधी त्यांना जमेना. आता पोर्टलंडच्या स्वयंपाकघरातही त्यांची करंगळी आपोआप वाकते.

घरी बिअर करणाऱ्याला या सगळ्याची गरज का पडावी? बाजारात द्रवरूप यीस्टची पाकिटं मिळतात. ऑरेगनमध्येच हूड रिव्हरच्या परिसरात १९८६पासून वायईस्ट नावाची कंपनी ती बनवते. सान डिएगोची व्हाइट लॅब्ज १९९५ची. पाकिटात ढोबळमानानं दहा हजार कोटी पेशी असतात. आकडा प्रचंड वाटतो, पण हिशेब करून बघा. एलसाठी, म्हणजे थोड्या उबदार तापमानाला आंबणाऱ्या बिअरसाठी, दर मिलीलिटरला दर डिग्री प्लेटोमागं साडेसात लाख पेशी असाव्यात, असा एक रुळलेला नियम आहे. डिग्री प्लेटो म्हणजे साखरेचं प्रमाण, आपल्या कारखान्यातल्या ब्रिक्सचं भावंडच. घरचा एक घाणा पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटर. गोडी बारा डिग्री धरली तर १७ हजार १०० कोटी पेशी लागतात. लागर, म्हणजे थंड तापमानाला आंबणारी बिअर, करायची असेल तर नियमच दुप्पट, चौतीस हजार कोटींच्या वर. त्यात पाकीट दुकानाच्या फ्रीजमध्ये महिनाभर पडलेलं असलं की त्यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या असतात.

जुनं, चमचाभर विरजण घमेलंभर दुधाला लावलं तर जे होतं तेच इथंही. लागतं, पण उशिरा, आणि तोवर भलतंच काहीतरी त्यात शिरतं. म्हणून आधी लिटर-दोन लिटर पातळ वर्टमध्ये यीस्ट वाढवून घ्यायचं. वर्ट म्हणजे सातूच्या माल्टचं गोड पाणी. एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम वाळवलेलं माल्ट अर्क हे प्रमाण. याला हे लोक 'स्टार्टर' म्हणतात. बाईंच्या लेखी ती कारखान्यातल्या शिडीची मधली एक पायरी आहे, एवढंच.

या पायरीसाठी लागणारी सगळी भांडी प्रयोगशाळेतली, आणि लोकांना वाटतं की प्रयोगशाळेतली वस्तू स्वयंपाकघरात आणणं म्हणजे काहीतरी उलटी गंगा. इतिहास मात्र दुसरीच दिशा दाखवतो. यातल्या कितीतरी गोष्टी बिअरच्या कारखान्यांतूनच विज्ञानात गेल्या. पाश्चर १८७१ साली लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले, त्यांनी तिथलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यात काय बिघडलंय ते सांगितलं. थोड्या दिवसांनी ते परत गेले तेव्हा ब्रुअरीनं स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीनं १८७५मध्ये स्वतःची प्रयोगशाळाच काढली. तिथं १८८३ साली एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. बिअर बिघडते ती त्यात घुसलेल्या रानटी यीस्टमुळं, हे त्यांनी सिद्ध केलं, आणि मालक याकोबसेन यांनी ते शुद्ध यीस्ट प्रतिस्पर्ध्यांनाही देऊन टाकलं. त्याच वर्षी त्याच इमारतीत योहान केल्डाल यांनी धान्यातला नायट्रोजन मोजण्याची रीत बसवली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ज्या लांब मानेच्या फ्लास्कवर घाम गाळलाय तो त्यांच्याच नावाचा. पीएचची मोजपट्टीही तिथलीच, सोरेनसेन यांची, १९०९ सालची.

बाईंचा लाडका माणूस मात्र वेगळा आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट नावाचे एक कर्मचारी होते. संख्याशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ज्या 'स्टुडंट्स टी टेस्ट'शी झगडतो, त्यातले 'स्टुडंट' म्हणजे हेच. टी टेस्टचा लेख १९०८चा. त्याच्या आदल्या वर्षीचा त्यांचा लेख कशावर होता? काचेच्या मोजणी-पट्टीवर यीस्टच्या पेशी मोजताना किती चूक होऊ शकते, यावर. कारखान्यात पेशी मोजून डोळे दुखायला लागले की बाईंना त्यांची आठवण यायची.

गॅरेजमधल्या त्या संध्याकाळनंतर लोक त्यांना विचारायला लागले. मग जुन्या सामानाच्या खरेदीला बरोबर घेऊन जायला लागले. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांची 'सरप्लस'ची दुकानं असतात. प्रयोगशाळा बंद होते, प्राध्यापक निवृत्त होतो, नवीन अनुदानातून नवीन यंत्र येतं, आणि जुनं सामान इथं येऊन पडतं. हॉट प्लेट, इन्क्युबेटर, वॉटर बाथ, तराजू, सूक्ष्मदर्शक, शेकड्यांनी बीकर. घरी बिअर करणाऱ्याला तिथं गेल्यावर काय घेऊ आणि काय नको होतं. बाई तिथं कडक होतात.

त्यांचा पहिला नियम: काच जुनी घ्यायची नाही. "त्यात आधी काय होतं?" हा प्रश्न त्या विक्रेत्याला विचारतात आणि उत्तर कधीच मिळत नाही. फ्लास्कवर लेबल नसतं. आत मर्क्युरी क्लोराइड होतं की साखरेचं पाणी, काच सांगत नाही. डीएनएच्या कामात वापरतात ते इथिडियम ब्रोमाइड होतं का, जड धातूंचे क्षार होते का, क्रोमिक ॲसिडनं धुतलाय का, कुणाला ठाऊक. काच धुऊन स्वच्छ होते हे खरं, पण ओरखडे पडलेली काच पूर्ण धुतली जाते का, याची खात्री देणारा माणूस त्या दुकानात नसतो. नवीन दोन लिटरचा फ्लास्क फार महाग नाही. प्रयोगशाळेत गेलेलं भांडं परत ताटात येत नाही, हा त्यांच्या कामातला सगळ्यात जुना नियम आहे आणि तो त्या घरीही मोडत नाहीत. एकदा एका मित्रानं आत पांढरट कडं पडलेला सुंदर जाड फ्लास्क उचलला आणि व्हिनेगरनं घासून काढतो म्हणाला. त्यांनी तो त्याच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवला.

रबरी आणि प्लॅस्टिकच्या नळ्या तर त्याहून नको, कारण प्लॅस्टिक शोषून घेतं. पाऱ्याचे थर्मामीटर नकोत. जुन्या जाळ्या, ज्यांच्या मध्यावर पांढरा गोल असतो, त्या तर मुळीच नकोत, तो गोल बहुतेकदा ॲस्बेस्टॉसचा असतो. किरणोत्सर्गाची किंवा जैविक धोक्याची पिवळी, केशरी चिठ्ठी चिकटलेली वस्तू, चिठ्ठी अर्धी फाडलेली असली तरी, लांबूनच बघायची.

मग घ्यायचं काय? ज्याचा बिअरशी स्पर्श होणार नाही ते सगळं. मोटर, तवा, पेटी, भिंग. मॅग्नेटिक स्टरर जुना चालतो, फक्त त्याबरोबर येणारी बीड फेकून नवी घ्यायची. इन्क्युबेटर जुना चालतो. तराजू, सूक्ष्मदर्शक उत्तम. एका वाक्यात सांगायचं तर फ्लास्क नवा, पंखा जुना. आणि आपण जिथं काम करतो तिथून काही उचलून आणायचं नाही, भले ती वस्तू कचऱ्याच्या डब्याशेजारी पडलेली असो. या बाबतीत त्या कारखान्यातही कडक होत्या आणि त्यामुळं थोड्या अप्रियही.

स्टार्टर उकळणं हे दिसायला सोपं काम. कोनिकल फ्लास्क १८६०च्या सुमारास एमिल अर्लेनमायर यांनी बनवला तो ढवळताना द्रव सांडू नये म्हणून, तोंड निमुळतं. हाच निमुळतेपणा वर्ट उकळताना घात करतो. फेस वर चढतो, त्याला पसरायला जागा नसते आणि क्षणात गोड, चिकट कारंजं शेगडीभर. अमेरिकन मंडळींनी यावर शोधलेला उपाय बाईंना फार गमतीचा वाटला. तान्ह्या बाळाच्या पोटातल्या गॅसवर सिमेथिकोनचे थेंब मिळतात, त्यातले एक-दोन थेंब फ्लास्कमध्ये टाकले की फेस बसतो. टर्की रेड ऑइलचा हा धाकटा, गोंडस अवतार. त्या स्वतः पातेल्यात उकळतात आणि मग फ्लास्कमध्ये ओततात. बोरोसिलिकेट काच तापमानाचा धक्का सोसते, बोरोसिलच्या भांड्यांवर शिकलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, पण विजेच्या लाल झालेल्या कॉइलवर थेट ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवण्याइतकी परीक्षा तिची कशाला घ्यायची?

खरी काळजीची गोष्ट दुसरीच निघाली. गॅरेजातल्या मंडळींच्या गटातल्या एका सदस्यानं वेळ वाचावा म्हणून महिन्याभराचं वर्ट एकदम उकळून काचेच्या बरण्यांत भरलं, झाकणं घट्ट लावली आणि बरण्या गॅरेजातल्या फळीवर मांडल्या. बाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला: "प्रेशरखाली किती वेळ?" तो म्हणाला, प्रेशर नाही, नुसतं उकळलंय. उकळत्या पाण्याचं तापमान शंभर अंश. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू त्याला दाद देत नाहीत. वर्टचा पीएच पाचच्या वर असतो, ४.६च्या वरच्या पीएचला हा जंतू वाढू शकतो, आणि हवाबंद बरणीत त्याला हवं तसं प्राणवायू नसलेलं घर मिळतं. त्याचं विष ना वासानं कळतं ना रंगावरून. बिअरमध्ये ही भीती नसते, कारण आंबताना पीएच खाली उतरतो आणि अल्कोहोल तयार होतं. फळीवरच्या गोड, न आंबलेल्या बरणीत असते. बरण्या त्याच संध्याकाळी टाकून दिल्या गेल्या. त्या सदस्याला थोडा राग आला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

त्यांच्या घरी ऑटोक्लेव्हचं काम भारतातून आणलेला शिट्टीचा कुकर करतो. प्रयोगशाळेतला नियम १२१ अंश, पंधरा पौंडांचा दाब, पंधरा ते वीस मिनिटं. आपला कुकर साधारण त्याच दाबाला शिट्टी देतो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करायची आणि घड्याळ लावायचं, शिट्ट्या मोजायच्या नाहीत. परीक्षानळ्या जाळीवर उभ्या, पाणी तळाशी. त्यातून निघालेल्या अगारच्या नळ्या आणि माध्यमाच्या छोट्या बाटल्या मात्र त्या फ्रीजमध्येच ठेवतात, फळीवर नाही. लहान घरगुती कुकर वर्षभराच्या साठवणीसाठी वापरू नये, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचंही सांगणं आहे. शेजारीण एकदा शिट्टी ऐकून धावत आली, तेव्हा तिला वरण दाखवावं की कल्चर ट्यूब, असा बाईंना प्रश्न पडला.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडं. पेशी मोजायला हिमोसायटोमीटर लागतो. नावाप्रमाणं तो रक्तातल्या पेशी मोजायला बनला. बोटभर लांब, जाड काचपट्टी, तिच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी जाळी कोरलेली. मधला चौकोन एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद, आणि वर कव्हर स्लिप ठेवली की खोली बरोबर एक दशांश मिलिमीटर. म्हणजे दहा हजार असे चौकोन मिळून एक मिलीलिटर.

बाई हे करताना बघण्यासारखं असतं. स्टार्टर फिरत असतानाच त्यातून नमुना घ्यायचा, थांबवल्यावर नाही, कारण थांबलं की यीस्ट तळाला बसतं. नमुना दसपट पातळ करायचा आणि त्यात मिथिलीन ब्लूचा थेंब. जिवंत पेशी निळ्या रंगाला आत टिकू देत नाही, मेलेली पेशी निळीशार होते. पिपेटचं टोक कव्हर स्लिपच्या कडेला टेकवलं की द्रव स्वतःच आत सरकतो. बुडबुडा आला तर पट्टी पुसून पुन्हा. मग चारशेपट मोठं करून बघायचं. गोल, पारदर्शक, कडेला चमक असलेल्या पेशी दिसतात, काहींना बाजूला लहानशी कळी फुटलेली. कळी आईच्या निम्म्याहून लहान असेल तर दोघींची गणती एक. रेषेवर बसलेल्या पेशींचाही कायदा ठरलेला: वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या मोजायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोनदा हिशेबात येते. मधल्या चौकोनात पंचवीस घरं, त्यातली चार कोपऱ्यांची आणि एक मधलं अशी पाच मोजायची.

समजा पाच घरांत मिळून २२० पेशी दिसल्या आणि त्यातल्या १२ निळ्या. जिवंत २०८. पंचवीस घरांचे म्हणून पाचनं गुणायचं, मिलीलिटरसाठी दहा हजारांनी, पातळ केल्याबद्दल दहानं. १० कोटी ४० लाख पेशी दर मिलीलिटरला. दोन लिटर स्टार्टर असेल तर २० हजार ८०० कोटी. आपल्या बारा डिग्रीच्या घाण्याला पुरून उरतं, लागरला पुरत नाही. हा निर्णय दहा मिनिटांत कागदावर मिळतो. फार म्हाताऱ्या कल्चरमध्ये मिथिलीन ब्लू थोडं फसवतं, बऱ्याच पेशी मेलेल्या असतील तर त्या आकड्यावर बाई विसंबत नाहीत. पण अंदाजापेक्षा ते कितीतरी बरं. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट कळते, जी फिरणारा फ्लास्क कधीच सांगत नाही: पेशींच्या अधेमधे बारीक काड्या वळवळत असतील तर बॅक्टेरिया शिरलेत आणि स्टार्टर बेसिनमध्ये ओतायचा आहे.

घरी बिअर करणाऱ्या बहुतेकांकडं फिरणारी बीड असते, मोजणीची पट्टी नसते. बाईंना हे उफराटं वाटतं. ढवळण्याचा उपयोग त्या नाकारत नाहीत. सतत ढवळल्यानं कार्बन डायऑक्साइड निघून जातो, यीस्ट तळाला न बसता अन्नात तरंगत राहतं, आणि थोडा प्राणवायू आत जातो. तो यीस्टला श्वासासाठी लागतो असं लोक समजतात, पण साखर भरपूर असली की हे यीस्ट प्राणवायू असूनही आंबवायचंच काम करतं. त्याला तो लागतो पेशीच्या आवरणातले स्टेरॉल आणि मेदाम्लं बनवायला. म्हणूनच फ्लास्कच्या तोंडाला बूच किंवा एअरलॉक न लावता ॲल्युमिनियम फॉइलची सैल टोपी घालायची. पण हे सगळं मोठ्या बरणीत थोडं वर्ट घेऊन, येताजाता जोरात हलवूनही बऱ्यापैकी साधतं. त्यांच्या कारखान्यातल्या छोट्या फ्लास्कना तरी कुठं लोहचुंबक होतं? मामा येताजाता मनगटानं एक झोका द्यायचे. जाहिरातीतला भोवराही त्यांना नको असतो. वेग वाढवला की बीड उडून कडेला आपटते आणि मग लोक वॉशर लाव, उंची बदल, असं तासभर करत बसतात. पृष्ठभागावर लहानसा खळगा पडला तरी पुरे.

काही मंडळी पुढं जाऊन घरी यीस्टची पेढी काढतात. आवडलेल्या यीस्टचे स्लँट, फ्रीझरमध्ये ग्लिसरॉल घातलेल्या कुप्या. इथं प्रयोगशाळेतलं सामान अपुरं पडतं आणि प्रयोगशाळेतली शिस्त लागते. घरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःला गरम करतो, त्यामुळं कुप्या थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅकच्या मधे ठेवाव्या लागतात. लॅमिनार एअरफ्लोचं कपाट नसतं, म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, स्पिरिट लॅम्प जळता आणि बोलायचं नाही. टेबल अल्कोहोलनं पुसलं की ते पूर्ण सुकल्याशिवाय काडी ओढायची नाही, हे त्या प्रत्येकाला दोनदा सांगतात. दोन यीस्ट एका वेळी उघडायची नाहीत. नळीवर नाव, तारीख आणि कितवी पिढी हे लिहिलेलं नसेल तर ती नळी टाकायची, मग आत काहीही असो. एकानं विचारलं, वासावरून ओळखता येईल ना? नाही येत.

अमेरिकेत हा सगळा खटाटोप कायदेशीर व्हायलाही वेळ लागला. दारूबंदी १९३३मध्ये उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मात्र नाही. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ला सही केलेला कायदा १ फेब्रुवारी १९७९पासून लागू झाला आणि घरी पिण्यापुरती बिअर करमुक्त ठरली: एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला दोनशे. विकायची नाही. तरी राज्यांचे स्वतःचे कायदे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३मध्ये परवानगी दिली, म्हणजे ऑरेगननं यीस्टला राज्यजीव केलं त्याच वर्षी.

बाईंच्या आईला हे फोनवर अर्धवट कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, सात समुद्र वलांडून गेलीस आन् तिथंबी मळीच ढवळाय लागलीस व्हय?" त्यांनी सांगितलं की मळी नाही, सातू. त्यानं आईचं समाधान झालं नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र यातलं काय घ्यायचं ते नीट बघावं. आपल्याकडं १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली तेव्हापासून राज्यात मायक्रोब्रुअरी आल्या, त्या परवाना घेऊन. पण पेशी मोजायला परवाना लागत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कितीतरी महाविद्यालयांत हिमोसायटोमीटर आहे आणि तो वर्षातून एका प्रॅक्टिकलपुरता कपाटातून निघतो. किराणा दुकानातलं पावाचं कोरडं यीस्ट, कोमट साखरपाणी, मिथिलीन ब्लूचा एक थेंब आणि चारशेपट दाखवणारा सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर जिवंत किती आणि मेलेल्या किती हे कुठल्याही विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येईल. शिक्षकांनी एवढं जरूर करून घ्यावं. आणि मोजून झाल्यावर ते यीस्ट पावाच्या पिठात घालू नये, कारण ते प्रयोगशाळेच्या भांड्यात होतं.